साडेचारशेचा पत्र्याचा डबा: १२ व्होल्ट १० अँपियर एसएमपीएसचं उघडून केलेलं परीक्षण

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास, कुठल्याही काउंटरवर ‘बारा व्होल्ट दहा अँपियर’ म्हटलं की पुढचा प्रश्न न विचारता जाळीदार पत्र्याचा एक डबा समोर येतो: २३० व्होल्ट एसीचे १२ व्होल्ट डीसी करणारा एसएमपीएस, म्हणजे स्विचिंग पॉवर सप्लाय. सीसीटीव्ही बसवणारे, एलईडीच्या पाट्या करणारे, गेटची मोटर लावणारे, सगळे हाच नेतात. डब्यावर नाव नसतं, किंवा प्रत्येक खेपेला वेगळं असतं. घासाघीस धरून किंमत चारशे ते पाचशे. शेजारच्या फळीवर मीन वेल या तैवानी कंपनीचा एलआरएस-१००-१२ असतो, दीड हजाराच्या आसपास, आणि त्यावर आकडा छापलेला असतो ८.५ अँपियर. तिप्पट पैसे मोजायचे आणि वर दीड अँपियर कमी घ्यायचे, हा हिशोब काउंटरवर कुणालाच पटत नाही.

इथे तपासला आहे तो स्वस्त डबा. महागडा फक्त मोजपट्टी म्हणून शेजारी ठेवलाय.

निकाल आधीच सांगून टाकू. मूळ सर्किट वाईट नाही, उलट चांगलं आहे. आळीपाळीने चालू-बंद होणाऱ्या दोन ट्रान्झिस्टरचा हाफ-ब्रिज, त्यांना चालवणारा आयसी म्हणजे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीएल४९४ किंवा त्याचा जुळा केए७५००, आउटपुटला पिवळ्या टोरॉइडचा (कड्यावर तार गुंडाळलेला) चोक. जुन्या कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये वर्षानुवर्षं चाललेलं हेच घराणं. कात्री लागली आहे ती सुट्या भागांना, आणि त्यातही नेमकी अशा भागांना जे काढले तरी काउंटरवर दिवा लागतो आणि मीटर १२.० दाखवतो. म्हणून संध्याकाळी चार-पाच तास लागणाऱ्या पाटीला, ६ अँपियरच्या आत, हा डबा खुशाल घ्यावा. चोवीस तास चालणाऱ्या कॅमेऱ्यांना आहे तसा लावू नये.

आता झाकण काढू.

आधी एक सूचना: डबा लाइटवरून काढल्यावरही आतल्या दोन मोठ्या कंडेन्सरमध्ये मिळून ३२५ व्होल्ट उभे असतात, आणि बोर्डावर ब्लीडर (हा साठा हळूहळू उतरवणारे) रेझिस्टन्स गाळले असतील तर ते बराच वेळ तसेच राहतात. पेचकसाने शॉर्ट करून ठिणगी काढायची पद्धत रूढ आहे, पण त्यात कंडेन्सरचीही वाट लागते आणि पेचकसाचीही. १० किलोओहम ५ वॅटचा रेझिस्टन्स इन्सुलेटेड वायरींना जोडून ठेवा आणि दहा सेकंद टेकवा. दोन ३३० मायक्रोफॅरड सिरीजमध्ये म्हणजे १६५ मायक्रोफॅरड. १० किलोओहमने त्याचा टाइम कॉन्स्टंट १.६५ सेकंद येतो, आठ-दहा सेकंदांत काम होतं. मग मीटरने खात्री करा आणि नंतरच बोट घाला.

इनपुटच्या कोपऱ्यात सगळी गोष्ट उघडी पडते. बोर्डावर पांढऱ्या अक्षरांत भागांची नावं छापलेली असतात, पण भाग जागेवर नसतात. एनटीसीच्या (थंड असताना करंट अडवणाऱ्या रेझिस्टन्सच्या) जागी तारेचा जंपर. लाइन फिल्टरच्या चोकच्या जागी दोन समांतर जंपर. फेज-न्यूट्रलमध्ये बसणाऱ्या एक्स कंडेन्सरच्या आणि व्होल्टेजचे झटके गिळणाऱ्या एमओव्हीच्या जागी नुसती भोकं. ज्याने बोर्ड आखला त्याला हे भाग हवे होते. ज्याने भरला त्याने गाळले. डिझाइन करणाऱ्याची अक्कल आणि माल काढणाऱ्याचा हिशोब एकाच बोर्डावर शेजारी शेजारी वाचायला मिळतो, असं दुसऱ्या मालात क्वचितच दिसतं.

या चार भागांची किंमत किती? लॅमिंग्टन रोडच्या किरकोळ भावाने सगळे मिळून पन्नास-साठ रुपये, घाऊकीत आणखी कमी. आणि त्यांच्यावाचून होतं काय?

एनटीसी नसेल तर डबा चालू करताना रिकामे कंडेन्सर एकदम भरतात. ५ ओहमचा एनटीसी असता तर पहिला झटका ३२५ भागिले ५, म्हणजे फार तर ६५ अँपियरवर अडला असता. नसताना त्याला अडवायला वायरिंग आणि कंडेन्सरचा स्वतःचा जेमतेम एक-दोन ओहम रेझिस्टन्स. म्हणजे दीडशे ते तीनशे अँपियर, क्षणभरच, पण रोज आणि दर वेळी. ब्रिज रेक्टिफायर हळूहळू मरतो आणि भिंतीवरच्या बटणाचे पॉइंट चिकटतात. ‘बटण बंद केलं तरी पाटी बंद होत नाही’ अशी तक्रार आली तर बटणाआधी डब्यात बघा. एनटीसी हाही काही ब्रह्मास्त्र नाही: चालू असताना तो गरम असतो आणि त्याचा रेझिस्टन्स पडलेला असतो. लाइट जाऊन दोन सेकंदांत परत आली तर गरम एनटीसी काहीच अडवत नाही. जिथे लाइट सारखी ये-जा करते तिथे डीसीचा लोड कितीही हलका असला तरी इनपुटची बाजू झिजतेच.

एमओव्ही नसण्याचा हिशोब जास्त कडवट आहे. १४डी४७१ हा चार-पाच रुपयांचा निळा किंवा पिवळा चकती-भाग ३०० व्होल्ट एसीपर्यंत शांत बसतो आणि त्यावरचे वीजचमकीचे किंवा मोटर बंद होतानाचे टोकदार झटके गिळतो. तो नसला की ते झटके थेट ट्रान्झिस्टरपर्यंत पोचतात. एक मात्र नीट समजून घ्या: एमओव्ही झटक्यासाठी आहे, टिकून राहणाऱ्या चढ्या व्होल्टेजसाठी नाही. डीपीवर न्यूट्रल सुटला आणि सिंगल फेजवर साडेतीनशे-चारशे व्होल्ट आले तर एमओव्ही स्वतः जळतो आणि, त्याच्या आधी फ्यूज लावलेला असेल तर, फ्यूज उडवून बाकीचं वाचवतो. न्यूट्रल सुटण्यावर खरा उपाय म्हणजे बाहेर लावलेला ओव्हरव्होल्टेज कट-ऑफ. तो नसेल तर दीड हजाराचा डबाही जाईल. एलआरएस-१००-१२ इनपुटला ३०० व्होल्ट एसी ५ सेकंद सोसतो असं त्याच्या डेटाशीटवर आहे, त्यापुढचं वचन तोही देत नाही.

मग येतो बाजूचा तो लाल स्लाइड स्विच, ११०/२२०. स्वस्त डब्यातला सगळ्यात धोकादायक भाग हाच, आणि गंमत म्हणजे तो पैसे घालून बसवलेला असतो. ११० च्या बाजूला सरकलेला असताना इनपुट सर्किट व्होल्टेज डबलर होतं. त्यावर आपले २३० दिले की दोन्ही कंडेन्सरवर मिळून ६५० व्होल्ट येतात, प्रत्येकी ३२५, आणि ते असतात २०० व्होल्टचे. आवाज होतो, धूर होतो, पत्र्याला आतून कागद चिकटतो. भारतात विकायच्या डब्यात या स्विचचं काहीच काम नाही. डबा हातात आल्याबरोबर स्विच २२० वर आहे का पाहा आणि त्याची तार आतून कापून टाका. कापलेलं टोक झाका. पाच मिनिटांचं काम आहे. (एलआरएस-१०० ला हा स्विचच नाही, ८५ ते २६४ व्होल्ट तो सरळ घेतो.)

स्विच बरोबर बाजूला असला तरी २०० व्होल्टच्या त्या जोडीकडे जरा लक्ष द्या. २३० एसीला प्रत्येकावर १६२ व्होल्ट येतात, ठीक. रात्री गावातला लोड उतरल्यावर लाइन २७० ला गेली की प्रत्येकी १९१. म्हणजे कागदावर तरी सुटलो. पण हे दोन्ही कंडेन्सर अगदी सारखे असतील तरच. एकाची गळती जास्त असेल तर दुसऱ्यावर व्होल्टेज चढतं, आणि ते समान ठेवायला प्रत्येकावर आडवा एक १५० ते २२० किलोओहमचा रेझिस्टन्स लागतो. तो पन्नास पैशांचा भागही कुणीतरी गाळलेला असतो. फुगलेला कंडेन्सर जोडीत नेहमी एकच सापडतो, दुसरा धडधाकट, त्याचं कारण हेच. बदलताना दोन्ही बदलावे, एकाच कंपनीचे आणि एकाच लॉटचे.

त्यांचा आकारही तपासा. ३३० मायक्रोफॅरडच्या जोडीत, १५० वॅट इनपुट धरून आणि २२० व्होल्ट डीसीपर्यंत रेग्युलेशन टिकतं असं मानून, लाइट गेल्यावर साधारण ३० मिलिसेकंद आउटपुट उभं राहतं. एसीचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं, म्हणजे एखादं आवर्तन चुकलं तरी कॅमेऱ्याला कळत नाही. त्याच जागी १५० मायक्रोफॅरड भरले तर हाच वेळ १४ मिलिसेकंदांवर येतो. घरातले दिवे नुसते मिचकावले आणि डीव्हीआर (कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर) रीस्टार्ट झाला, ही तक्रार इथून जन्मते.

ट्रान्झिस्टर असतात एमजेई१३००७ किंवा १३००९. दहा अँपियरच्या डब्याला १३००७ पुरेसा, फक्त तो खरा हवा. खरवडून नवा नंबर छापलेला माल बाजारात भरपूर आहे. अक्षरांखालचा पृष्ठभाग आजूबाजूपेक्षा गुळगुळीत किंवा काळाभोर दिसला तर शंका घ्यावी. ते पत्र्याला ज्या पट्टीने दाबलेले असतात तिचा स्क्रू हलवून बघा. वाहतुकीत तो सैल होतो, आणि सैल पट्टीखालचा ट्रान्झिस्टर पूर्ण लोडवर फार टिकत नाही. ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की फ्यूज जातो. मग नवीन फ्यूज टाकून चालू करायचं, तोही जातो, मग जाड तार टाकायची: हा क्रम दुरुस्तीच्या टेबलावर रोज दिसतो. फ्यूज काळा पडून फुटलेला असेल तर पुढे शॉर्ट आहे हे नक्की. आधी दोन्ही ट्रान्झिस्टर आणि ब्रिज मीटरवर तपासा, त्यांच्या बेसकडचे लहान रेझिस्टन्स आणि डायोडही पाहा, आणि पहिल्यांदा लाइट द्याल ती १०० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये ठेवूनच.

आता या डब्याचा खास आजार. वर्ष-दीड वर्ष बिनतक्रार चालतो, एकदा लाइट जाते आणि परत आल्यावर डबा उठत नाही. फ्यूज शाबूत, ट्रान्झिस्टर शाबूत, मोठ्या कंडेन्सरवर ३२५ व्होल्ट, आणि आउटपुट शून्य. लोक डबा फेकून देतात. बिघाड असतो पन्नास पैसे ते दोन रुपयांच्या मालात. हा हाफ-ब्रिज सुरुवातीला स्वतःच्या जोरावर उठतो: मोठ्या व्होल्टेजवरून ट्रान्झिस्टरच्या बेसला जाणारे दोन मोठ्या किमतीचे रेझिस्टन्स, बहुतेक ३३० किलोओहमच्या आसपासचे, त्याला पहिला धक्का देतात. एकदा चालू झाला की टीएल४९४ जागा होतो आणि पुढचं तो बघतो. पाव वॅटचे ते रेझिस्टन्स कायम दीडशेच्या वर व्होल्टखाली राहून हळूहळू किंमत बदलतात आणि एक दिवस उघडे पडतात. चालू डब्याला त्यांची गरज नसते म्हणून कळत नाही, लाइट गेली की कळतं. त्यांच्याच शेजारी बेस ड्राइव्हमध्ये १ ते १० मायक्रोफॅरड ५० व्होल्टचे दोन चिमुकले कंडेन्सर असतात, गरम हीटसिंकला टेकून बसलेले. ते वाळले तरी लक्षण हेच. दोन्ही रेझिस्टन्स अर्ध्या वॅटचे आणि दोन्ही कंडेन्सर १०५ अंशांचे टाका, डबा पुन्हा उठतो.

पाच अँपियरच्या लहान डब्यात सर्किट वेगळं असतं, एकाच ट्रान्झिस्टरचं फ्लायबॅक. तिथे याच आजाराला टिक-टिक आवाज असतो: कंट्रोलर आयसीच्या सप्लायवरचा २२ किंवा ४७ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर वाळला की आयसी उठतो, पडतो, पुन्हा उठतो. आणखी एक फरक. फ्लायबॅकमध्ये आउटपुट कंडेन्सरना करंटचे मोठे धक्के सोसावे लागतात. हाफ-ब्रिजमध्ये मधे चोक असल्यामुळे तेच काम हलकं होतं. म्हणून ४ अँपियरच्या लोडला पाचचा घ्यावा की दहाचा, या प्रश्नाला उत्तर दहाचा असं आहे, आणि ते केवळ आकडा मोठा म्हणून नव्हे.

उष्णतेकडे वळू, कारण चोवीस तासांचा निवाडा तिथेच होतो. १२० वॅट आउटपुट आणि कार्यक्षमता ७८ टक्के धरली तर १५४ वॅट आत जातात आणि ३४ वॅट डब्यातच राहतात. सोल्डरिंग आयर्न आत चालू ठेवल्यासारखं. एलआरएस-१००-१२ ची कार्यक्षमता ८८ टक्क्यांच्या आसपास. १०२ वॅट देताना त्याच्यात सुमारे १४ वॅट राहतात. हा फरक सरळ कंडेन्सरच्या आयुष्यात उतरतो. ठोकताळा जुनाच आहे: कंडेन्सर १० अंश थंड ठेवला की आयुष्य दुप्पट. १०५ अंशांचा २,००० तासांचा कंडेन्सर ७५ अंशांवर १६,००० तास पुरतो. कॅमेऱ्याच्या डब्यात, २४ तासांच्या हिशोबाने, हे २२ महिने. पाटीच्या डब्यात, रोज ५ तासांनी, पावणेनऊ वर्षं. तोच कंडेन्सर, तोच डबा. ८५ अंशांचा २,००० तासांचा भरला तर ७५ अंशांवर ४,००० तास, म्हणजे कॅमेऱ्यावर साडेपाच महिने. आणि ७५ अंश हा आकडा अतिशयोक्तीचा नाही: नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५, उन्हातल्या पत्र्याच्या पेटीत त्याहून वर, आणि त्यात डब्याची स्वतःची वाढ.

आयुष्य संपलं म्हणजे कंडेन्सर फुटला असं नव्हे. आधी त्याचा आतला रेझिस्टन्स वाढतो, आउटपुटवर रिपल, म्हणजे डीसीवरची थरथर, चढतो, कॅमेऱ्याच्या चित्रात रात्री आडव्या रेघा सरकू लागतात कारण त्या वेळी आयआर (इन्फ्रारेड) दिवे लागून करंट वाढलेला असतो. दिवसा सगळं ठीक. सीसीटीव्हीवाला मग कॅमेरा बदलतो.

आउटपुटच्या शॉट्की डायोडवरचा नंबर जरूर वाचा. २७० व्होल्टच्या लाइनवर या ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम (१२ व्होल्टच्या) बाजूने डायोडवर उलट्या दिशेने पन्नासच्या जवळपास व्होल्ट येतात, आणि वर स्विचिंगचे टोक. म्हणून १०० व्होल्टचा हवा, एमबीआर२०१०० सारखा. ६० चा काठावर, आणि ४५ चा निघाला तर डबा परत करा. पूर्ण १० अँपियरला या एका भागात ६-७ वॅट उष्णता होते. त्याच्या हीटसिंकला लागून आउटपुट कंडेन्सर उभे असतील, आणि बहुतेक वेळा असतातच, तर वरचा हिशोब आणखी आखडतो.

ते आउटपुट कंडेन्सर १६ व्होल्टचे असतात. १२ ला ठीक. पण बसवणारे एडीजे लिहिलेला पॉट (आउटपुट कमी-जास्त करायचा फिरता रेझिस्टन्स) पिळून १३.८ करतात, लांबच्या कॅमेऱ्याला व्होल्टेज पुरावं म्हणून. तोटा खरा असतो: अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरने ३० मीटरवर अर्धा अँपियर नेला तर जाऊन-येऊन सव्वा व्होल्टच्या आसपास पडतात, आणि अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर असेल तर त्याहून जास्त. त्यावर इलाज जाड वायरीचा. पॉट वाढवला की जवळच्या कॅमेऱ्याला चढं व्होल्टेज आणि १६ चे कंडेन्सर काठावर. त्यातून पॉट उघडा कार्बनचा, दोन रुपयांचा. तो फीडबॅकच्या, म्हणजे टीएल४९४ ला आउटपुट दाखवणाऱ्या रेझिस्टन्सच्या साखळीच्या, वरच्या (आउटपुटकडच्या) अंगाला लावलेला असेल आणि त्याचा सरकता काटा सुटला, तर टीएल४९४ ला वाटतं आउटपुट शून्य आहे, आणि तो जोर लावतो. आउटपुट वीस व्होल्टच्या पुढे जातं. पॉट खालच्या अंगाला असेल तर उलट होतं, आउटपुट पडतं आणि कॅमेरे वाचतात. एक पैसा जास्त न घालता सुरक्षित होणारी ही जागा आहे, नुसती आखणी बदलून. बोर्ड उलटा करून पॉट कुठल्या अंगाला आहे ते पाहा. वरच्या अंगाला असेल तर हवं ते व्होल्टेज लावून, पॉट काढून, तितक्याच ओहमचा ठाम रेझिस्टन्स टाका.

जे दुरुस्त होत नाही ते वेगळं सांगायला हवं. प्राथमिक (२३० व्होल्टच्या) आणि दुय्यम बाजूंमध्ये बोर्डावर पाच-सहा मिलिमीटरची मोकळी पट्टी दिसायला हवी. ट्रॅक तिच्यात घुसलेले असतील, किंवा दोन्ही बाजू जोडणारा निळा कंडेन्सर (वाय कंडेन्सर) वाय१ ही सुरक्षा दर्जाची छाप नसलेला साधा २ किलोव्होल्टचा असेल, तर तो डबा नाकारा. कंडेन्सर बदलता येतो. अरुंद पट्टी आणि ट्रान्सफॉर्मरच्या आतलं इन्सुलेशन बदलता येत नाही. ते तुटलं तर १२ व्होल्टच्या वायरीवर फेज येतो आणि ती वायर माणसं निर्धास्त हातात धरतात. अर्थिंगचा स्क्रू रिकामा ठेवायची सवयही मोडा. वाय कंडेन्सर असलेल्या डब्याला अर्थ नसेल तर पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात. २.२ नॅनोफॅरडमधून सुमारे ०.१६ मिलिअँपियर जातो, माणूस मरत नाही, पण शिडीवरून दचकून पडू शकतो.

सीईची (युरोपीय मानकांची) छाप पाहून समाधान मानू नका. अक्षरांमधलं अंतर कमी असेल तर ती ‘चायना एक्स्पोर्ट’ची असते ही नुसती दंतकथा, मूळ छापच उत्पादकाने स्वतः घोषित करायची असते आणि आपल्याकडे तिला वजन नाही. आर-ने सुरू होणारा भारतीय मानक ब्यूरोचा नोंदणी क्रमांक असेल तर तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून बघा, मिनिटाचं काम.

काउंटरवर जे करता येतं ते एवढंच: हातात तोलून पाहा, जाळीतून मोबाइलची बॅटरी मारून एनटीसी आणि एमओव्हीच्या जागा बघा, कंडेन्सरवर १०५ अंश वाचा, हलवून आत काही वाजतं का ऐका. टेबलावर मात्र लोड द्या. गाडीच्या हेडलाइटचा ५५/६० वॅटचा एच४ बल्ब स्वस्तात पाच अँपियर खातो. थंड फिलामेंट सुरुवातीला कितीतरी जास्त ओढतं, त्यामुळे डबा बल्बसकट उठला नाही तर लगेच दोष देऊ नका. आधी डबा चालू करून मग बल्ब जोडा. दोन तास चालवा, के-टाइप थर्मोकपल आउटपुट कंडेन्सरच्या डोक्यावर कॅप्टन (उष्णता सोसणाऱ्या) टेपने चिकटवून. खोलीपेक्षा ३० अंशांहून जास्त वाढ दिसली तर लोड कमी करा. रिपल साध्या मल्टिमीटरने मोजू नका, इतक्या फ्रिक्वेन्सीला तो खोटं बोलतो. ऑसिलोस्कोपवर २० मेगाहर्ट्झची मर्यादा लावून, टोकाला ०.१ आणि ४७ मायक्रोफॅरड आडवे ठेवून बघा. एलआरएसची ग्वाही १२० मिलिव्होल्ट पीक-टू-पीकची आहे. स्वस्त डबा नवा असताना त्याच्या दुपटीच्या आत असला तर चालेल.

डबा सुधारून वापरायचा असेल तर यादी छोटी आहे: १४डी४७१ एमओव्ही फ्यूजच्या पुढे, ५डी-११ एनटीसी, ०.२२ मायक्रोफॅरडचा एक्स२ आणि त्यावर आडवा १ मेगाओहम, ३.१५ अँपियरचा स्लो-ब्लो फ्यूज, आउटपुटला २,२०० मायक्रोफॅरड २५ व्होल्ट १०५ अंशांचे लो-ईएसआर (आतला रेझिस्टन्स कमी असलेले) तीन, बेसचे दोन छोटे कंडेन्सर, स्टार्टचे दोन रेझिस्टन्स, मोठ्या जोडीवर दोन २२० किलोओहम. किरकोळीत दीडशे ते दोनशे रुपये आणि सवयीच्या हाताला पाऊण तास. ट्रान्सफॉर्मरच्या आणि चोकच्या पायांना पुन्हा सोल्डर पाजा. बोर्ड कागदी एकपदरी असतो, जड भागांच्या पायांभोवती ड्राय सोल्डरची वर्तुळं पडतातच. एवढं करून, ६ अँपियरच्या आत आणि बोर्डावरची पट्टी रुंद असेल तर, हा डबा कॅमेऱ्यांनाही चालेल. पण मजुरी धरली तर साडेसहाशेच्या पुढे गेलात, आणि पाऊण तास तुमचा नसून पगारी माणसाचा असेल तर महागडाच स्वस्त.

महागड्यातही उणिवा आहेत. तीन वर्षांची वॉरंटी आणि सगळे इलेक्ट्रोलिटिक १०५ अंशांचे, हे खरं. पण ३० मिलिमीटर जाडीचा तो डबा पंख्याशिवाय चालतो आणि ५० अंशांपुढे त्याचाही लोड उतरवावा लागतो. उन्हातल्या बंद पेटीत ८.५ नव्हे, ६ च धरा. कोकणात खाऱ्या हवेला दोघांचेही टर्मिनल हिरवे पडतात. आणि जाळी दोघांनाही आहे. उबेला आलेली पाल ३२५ व्होल्टच्या दोन पायांमध्ये शेपूट टाकते तेव्हा तिप्पट महाग असण्याचा काही उपयोग होत नाही. पेटीच्या वायरीच्या भोकांना ग्लँड लावा, हवेच्या भोकांना बारीक जाळी.

वॉरंटीबद्दल एवढंच, की स्वस्त डब्यावर दुकानदार तोंडी सहा महिने म्हणतो आणि बहुधा पाळतोही, पण बिलावर डब्याची ओळख पटेल असं काही नसतं. म्हणून बसवताना पत्र्यावर मार्करने तीन गोष्टी लिहून ठेवा: घेतल्याची तारीख, टर्मिनलवर मोजलेलं व्होल्टेज, आणि रात्री आयआर चालू असतानाचा करंट. दीड वर्षाने शिडी लावून वर जाल तेव्हा दुसरा आणि तिसरा आकडा पुन्हा मोजा. करंट तोच आणि व्होल्टेज पाव व्होल्टने उतरलेलं दिसलं तर डबा खाली घ्या आणि आउटपुटचे कंडेन्सर आणि टर्मिनलचे स्क्रू तपासा.